झाकली मूठ उघडायची कशी?

मंडळी, ऑगस्ट उजाडला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून मास्टर्ससाठी आलेली मुलं आपल्या कार्यक्रमांना डोकावू लागतात. खोली कशी शोधायची, जुनी सायकल कुठे मिळेल, तूरडाळ कुठल्या दुकानात, हे सगळं आपण हौसेने सांगतो. पण इथे वर्गात बोलायचं कसं, हे सांगायचं राहून जातं. आणि हल्ली त्यातलं बरंचसं बोलणं वर्गात होतच नाही!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे अधूनमधून जेवायला येणारा एक मुलगा त्या दिवशी पडेल चेहऱ्याने बसला होता. पाच जणांचा प्रोजेक्ट होता. याने रात्री जागून आपल्या वाट्याचं काम केलं, पण ग्रुपच्या चॅनलवर तीन आठवडे चकार शब्द लिहिला नाही. "अर्धवट कसं दाखवायचं, काकू? चुकलं असतं तर?" सोबत्यांना वाटलं, हा काहीच करत नाही. एकमेकांना गुण द्यायची वेळ आली तेव्हा याला सर्वांत कमी मिळाले. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे मात्र झाकली मूठ रिकामी समजतात!

तर हे चॅनल प्रकरण आहे तरी काय? स्लॅक २०१४ मध्ये आलं, मॅटरमोस्ट २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ मध्ये. तिन्ही खरं तर कचेऱ्यांमधल्या कामासाठी. पण इथल्या विद्यापीठांत गटाने शिकण्याची पद्धत जुनी आहे. मास्ट्रिख्टचं विद्यापीठ तर १९७६ पासून छोट्या गटांत प्रश्न सोडवतच शिकवतं. त्यामुळे ही साधनं इथे सहज रुजली. १२ मार्च २०२० ला सरकारने विद्यापीठांना ऑनलाइन शिकवायला सांगितलं आणि मग त्यांच्यावाचून पान हलेना. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने तर स्वतःचं मॅटरमोस्ट चालवलं आहे.

रचना आपल्या वाड्यासारखी समजा. ओसरीवर सगळ्यांसाठी सूचना. आत एकेका असाइनमेंटची वेगळी खोली. त्याच्याही आत तुमच्या चार-पाच जणांच्या ग्रुपची खोली, दार लावलेली. ज्या खोलीतला विषय, तिथेच बोलायचं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्या प्रश्नाच्या खालीच, धागा धरून. म्हणजे शंभर जणांच्या गलक्यात ते हरवत नाही.

आपली मुलं चुकतात ती इथेच. प्रश्न पडला की ओसरीवर यायचं सोडून आपल्याच मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुजबुज करतात. तिथे सगळेच अडलेले! शिकवणाऱ्यांना पत्ताच नाही की कुणाला काही कळलेलं नाही. ओसरीवर विचारलं तर शिक्षक किंवा मदतनीस म्हणून नेमलेला वरच्या वर्षाचा विद्यार्थी उत्तर देतो, आणि ते सगळ्यांच्या कामी येतं. शिवाय भर वर्गात इंग्रजी बोलताना जीभ अडखळते, त्यांना लिहिताना विचार करायला वेळ मिळतो.

आता विचारायचं कसं? "सर, प्लीज हेल्प" एवढ्याने काही होत नाही. तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता प्रश्न, आपण काय करून पाहिलं, आणि नेमकं कुठे अडलं. उदाहरणार्थ: "असाइनमेंट तीन, प्रश्न दोन. व्याख्यानातलं सूत्र वापरलं. उत्तर ऋण येतं, पण लांबी ऋण कशी असेल? माझं चिन्ह कुठे चुकलं?" लिहिण्याआधी शोधखिडकीत पाहावं, कुणीतरी आधीच विचारलेलं असतं. ग्रुपच्या खोलीत दर दोन-तीन दिवसांनी दोन ओळी टाकाव्यात: काय झालं, काय राहिलं.

काही पथ्यंही आहेत. आपलं पूर्ण उत्तर खुल्या चॅनलवर चिकटवू नये. ती नक्कल समजली जाऊ शकते. आजारपण, पैशांची अडचण, घरची काळजी, हे स्टडी ॲडव्हायझरला एकट्याने सांगावं. परीक्षेची तारीख, गुण यांसाठी ब्राइटस्पेस किंवा कॅन्व्हाससारखी अधिकृत जागाच खरी मानावी. आणि ग्रुपने स्वतः फुकटचं स्लॅक काढलं असेल तर लक्षात ठेवा: सप्टेंबर २०२२ पासून त्यात मागच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात. डेल्फ्टचं एक सत्र साधारण १० आठवड्यांचं, फेरपरीक्षा बऱ्याचदा पुढच्या सत्राच्या शेवटी. म्हणजे पहिल्या आठवड्यातली चर्चा नेमकी गरज पडेल तेव्हा गायब! महत्त्वाचं वेळीच उतरवून ठेवलेलं बरं.

असो. तो मुलगा पुढच्या सत्रात पुन्हा जेवायला आला. धीर करून त्याने ओसरीवर एक प्रश्न विचारला होता. दुपारपर्यंत तिघांनी खाली लिहिलं, "माझंही इथेच अडलंय." आमटी-भात कालवता कालवता तो म्हणाला, "काकू, मला वाटत होतं, मी एकटाच ढ आहे."

इथे एका क्रेडिटमागे २८ तासांचा अभ्यास धरतात. त्यातले कितीतरी तास केवळ संकोचापायी वाया जातात. तेव्हा मंडळी, नव्या मुलांना सायकलचं दुकान दाखवाल, तेव्हा एवढंही सांगा: बाळांनो, मूठ उघडा.