नळ, यंत्र आणि तीन नंबरचे बाळ

संस्थेतील संवादाचा विषय निघाला की तो व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांचा, असे आपण डॉक्टर मंडळी समजतो. वस्तुतः रुग्णालय हीही एक संस्थाच आहे आणि तेथे संवाद तुटला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

संवादाची सर्वांत रुळलेली प्रतिमा नळाची. अर्थ एका टोकाने ओतावा, तो दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा मिळतो! इंग्रजी बोलीत ही कल्पना किती खोल रुजली आहे, हे मायकेल रेडी यांनी १९७९ मध्ये दाखविले. आपणही ‘निरोप पोचवला’, ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हणतोच. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सिद्धांताचा तिला आधार दिला जातो. पण शॅनन तारेतून जाणाऱ्या संदेशाचा विचार करीत होते. अर्थाचा प्रश्न त्यांनी आरंभीच बाजूला ठेवला होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी येथे इंदूरमध्येच एका सायंकाळी पाळी संपवताना मी रात्रीच्या निवासी डॉक्टरला म्हणालो, ‘‘तीन नंबर के बच्चे का ध्यान रखना.’’ माझ्या मनात त्या नवजात बाळाचा श्वास होता. आदल्या दिवशी ते दूध ओढत नव्हते, म्हणून त्याने रात्रभर दुधाकडे लक्ष दिले. बाळ कण्हत असल्याचे नव्या सिस्टरला मध्यरात्रीच जाणवले होते. पण डॉक्टर पाहून गेले आहेत, आपण काय बोलावे, म्हणून ती गप्प राहिली. पहाटे धावपळ झाली. बाळ चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. ते वाचले, पण चूक माझ्या वाक्यात होती.

सिस्टरच्या मौनाचे कारण मला गॅरेथ मॉर्गन यांच्या ‘इमेजेस ऑफ ऑर्गनायझेशन’ (१९८६) या ग्रंथात सापडले. यंत्र, सजीव, मेंदू, संस्कृती अशा अनेक रूपकांतून ते संस्थेकडे पाहतात. प्रत्येक रूपक काही दाखविते, काही झाकते. आमचा वॉर्ड यंत्र होता. यंत्राच्या चाकाने फिरायचे असते, बोलायचे नसते.

अमेरिका व कॅनडातील नऊ बालरुग्णालयांत ‘आय-पास’ ही रुग्ण सोपविण्याची पद्धत वापरून पाहण्यात आली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. सांगण्याचा वेळ मात्र लक्षणीय वाढला नाही. आजाराची तीव्रता, थोडक्यात वृत्तान्त, करावयाची कामे, ‘असे झाले तर काय’ याची तयारी, हे चार भाग सांगणाऱ्याचे. पाचवा ऐकणाऱ्याचा : समजले ते त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. नळाची कल्पना येथेच मोडते.

आता मी ‘ध्यान रखना’ म्हणत नाही. ‘श्वास मिनिटाला साठच्या वर गेला तर मला उठवा’ असे सांगतो. परत सांगणे प्रथम निवासी डॉक्टरांना तोंडी परीक्षेसारखे वाटे. गेल्या महिन्यात परत सांगण्याची पाळी माझी होती. मी एका बाळाची मात्रा चुकीची म्हणालो, आणि सर्वांसमोर ती दुरुस्त केली वॉर्डातल्या सर्वांत नव्या सिस्टरने.