निघालो पाच, पोचलो पाच

सायकल ही गरिबाची गाडी. तिला पेट्रोल लागत नाही, वैरणही लागत नाही. पण ती ओढणारे शरीर आपले असते. त्याला अन्नपाणी हवे. ते केव्हा द्यावे, हे समजण्यासाठी एका दिवसाची हकिकत सांगतो.

१९८६ सालच्या मे महिन्यात आम्ही पाच मित्र सायकलीने पुण्याहून वाईला निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. पहाटे पाचला निघालो. गार हवेत कात्रजचा घाट चढलो. पुढे नीरा नदी ओलांडली. तिथे पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा लागतो. शिरवळला घरून आणलेल्या भाकऱ्या सोडल्या.

आमच्यातला एक गडी सुतारकाम करायचा. अंगाने सगळ्यांत दणकट. तो म्हणाला, "खाल्लं की पाय जड होतात. मी वाईलाच जेवीन." पाणीही तो दोनच घोट प्याला.

खंबाटकी घाटाशी पोचलो तेव्हा ऊन तापले होते. सुतार सर्वांच्या पुढे होता. अर्ध्या घाटात तो सायकलवरून उतरला आणि दगडावर बसला. पोटऱ्यांत गोळे आले होते. डोके गरगरत होते. अंग घामाने निथळत होते.

तो म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका. व्हा पुढं. मी येतो मागनं."

आम्ही म्हणालो, "निघालो पाच, पोचू पाच."

त्याला झाडाच्या सावलीत आडवे केले. पायांखाली पिशवी ठेवली. ओला पंचा मानेवर आणि कपाळावर ठेवला. एकाने घाटाखालच्या टपरीवरून साखर आणि मीठ आणले. साखर-मिठाचे पाणी घोट घोट पाजले. तासाभराने तो उठून बसला. मग त्याने भाकरी खाल्ली.

उरलेला घाट आम्ही सायकली हातात धरून चढलो. सुताराला सर्वांच्या पुढे ठेवले. थकलेला माणूस मागे ठेवला की तो मागेच पडत जातो. पुढे ठेवला की सगळे त्याच्या चालीने चालतात. सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो. दिवस मावळताना वाईच्या घाटावर कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून पाचहीजण बसलो.

एवढा दणकट माणूस का थकला? अन्नातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. दोनएक तास जोराची मेहनत केली की हा साठा संपत येतो. घामावाटे पाणी आणि मीठ जाते. पाणी कमी झाले की अंग तापते, डोके गरगरते. ताकद कितीही असो, हा नियम सर्वांना सारखाच. शेतात राबणाऱ्याला आणि ओझे वाहणाऱ्यालाही तोच. म्हणून उन्हात काम करताना थोडे थोडे खावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

साखर-मिठाचे पाणी असे करावे : उकळून गार केलेले पाणी एक लिटर, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. मीठ याहून जास्त घालू नये. हे पाणी जुलाबातही उपयोगी पडते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हातला माणूस असंबद्ध बडबडू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

चढावर सायकलवरून उतरून चालण्यात कमीपणा नाही. सोबत्याला रस्त्यात सोडून जाण्यात मात्र आहे.

प्रश्न
१. सुतार का थकला?
२. थकलेल्या माणसाला पुढे का ठेवावे?
३. साखर-मिठाचे पाणी घरी करून पाहा. मापे वहीत लिहा.