लेकराच्या मानेतील गाठ : किती दिवस पाहावी, कधी दाखवावी?



विहारातील आरोग्याची बैठक संपते, सतरंज्या गोळा होतात, तेव्हा एखादी तरी आई मागे थांबते. लेकराला पुढे ओढते, त्याची मान कलती करते आणि हळूच म्हणते, "ताई, इथं हात लावून बघा. दोन महिने झाले, गाठ जातच नाही." तिच्या मनात काय आहे ते तिच्या डोळ्यांत दिसते. कॅन्सर असेल का? टीबी असेल का? त्यात शेजारपाजारच्यांनी सांगितलेले दहा उपाय आणि दहा भीती.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे मुलांच्या वॉर्डात काम केले. आता वस्त्यांमधून फिरतो. मानेच्या गाठीबद्दल आम्हाला जेवढे विचारले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल विचारले जाते. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

ही गाठ म्हणजे काय?

आपल्या अंगात शेकडो लहान ग्रंथी असतात. मानेत, काखेत, जांघेत त्या जास्त असतात. रोगजंतू शिरले की त्यांना अडवणे हे त्यांचे काम. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीला माहीत होते. मानेतील गाठ हा तसाच प्रकार. घशात, दातात, कानात किंवा डोक्याच्या कातडीत जंतू गेले की जवळची ग्रंथी फुगते.

लहान मुलांना सर्दी-पडसे वारंवार होते. नवीन नवीन जंतूंशी त्यांची ओळख याच वयात होत असते. त्यामुळे वाटाण्याएवढ्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी पुष्कळ निरोगी मुलांच्या मानेत हाताला लागतात. सर्दी आठ दिवसांत जाते, पण गाठ ओसरायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. लेकरू खेळते आहे, जेवते आहे, वजन वाढते आहे आणि गाठ वाढत नाही, तर घाबरण्याचे कारण नाही.

आधी डोके, दात, कान आणि घसा पाहा

गाठ सापडली की तिच्या आसपास कारण शोधावे. मानेच्या मागच्या बाजूला गाठी असतील तर केस बाजूला करून पाहा. उवा-लिखा आहेत का? खाजवून खवडे झाले आहेत का? बऱ्याच वेळा कारण तिथेच सापडते. उवांवर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार करावा, बारीक फणी फिरवावी. केसांना रॉकेल किंवा ढेकणाचे औषध कधीही लावू नये. त्याने लेकराला विषबाधा होते, रॉकेलाने भाजण्याचाही धोका असतो. खवड्यांत पू असेल तर दवाखान्यात दाखवावे.

जबड्याखाली गाठ असेल तर तोंड उघडून दात पाहा. दुधाचा दात पडणारच आहे म्हणून किडू देऊ नये. कान वाहतो का, घसा दुखतो का, हेही विचारावे.

कानाच्या खाली आणि गालावर सूज येऊन चेहरा भरल्यासारखा दिसत असेल तर ते गालगुंड असू शकते. ते वेगळे. मानेच्या अगदी मध्यभागी, गिळताना वरखाली होणारी गाठही वेगळी. ती डॉक्टरांना दाखवावी.

घरी कशी तपासावी?

आठवड्यातून एकदा, आंघोळ घालताना तपासावी. बोटांच्या पेरांनी, न दाबता, दोन्ही बाजूंनी. चार गोष्टी पाहायच्या: किती मोठी आहे, मऊ आहे की कडक, सरकते की आत चिकटली आहे, एकच आहे की अनेक गाठी जुळून एक ढेकूळ झाले आहे. मापासाठी वाटाणा आणि सुपारी लक्षात ठेवा. ज्या दिवशी गाठ पहिल्यांदा दिसली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. "खूप दिवस झाले" असे सांगितल्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही, तारीख सांगितल्याने कळते. अंगणवाडीत महिन्याचे वजन होते, तो आकडाही विचारून ठेवा.

रोज रोज गाठ चाचपू नये. सतत दाबल्याने ती दुखते आणि आपलीही झोप उडते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• गाठ सुपारीएवढी किंवा त्याहून मोठी आहे आणि दोन आठवड्यांत कमी झालेली नाही.
• गाठ वाढत चालली आहे, दगडासारखी कडक आहे, किंवा आत चिकटलेली आहे.
• अनेक गाठी एकमेकींना जुळल्या आहेत.
• गळ्याच्या हाडाच्या वर, खांद्याजवळच्या खळग्यात गाठ आहे. ती लहान असली तरी दाखवायची.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप किंवा खोकला आहे, वजन घटते आहे किंवा वाढतच नाही, लेकरू मरगळून बसते, रात्री घामाने भिजते.
• लेकरू पांढरे पडले आहे, अंगावर काळेनिळे डाग येतात, नाका-हिरड्यांतून रक्त येते, काखेत-जांघेतही गाठी आहेत. अशा वेळी थांबू नये. रक्ताची तपासणी लगेच व्हायला हवी. मुलांमध्ये रक्ताचा आणि ग्रंथींचा कॅन्सर क्वचित होतो, पण लवकर सापडला तर त्यातली पुष्कळ मुले बरी होतात.
• गाठ एक-दोन दिवसांत झपाट्याने फुगली, लाल झाली, गरम लागते, दुखते. इथे पू होत असतो. एक-दोन दिवसांतच दाखवावे.

गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, मान ताठ झाली असेल किंवा लेकरू गुंगीत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

मानेचा टीबी

आपल्या जुन्या लोकांनी याला गंडमाळ म्हटले आहे. टीबी म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. पण टीबी मानेच्या गाठींतही होतो आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीचा मुलांमधला हा नेहमीचा प्रकार आहे. गाठ सहसा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. हळूहळू वाढते, शेजारच्या गाठींना चिकटते. पुढे मऊ पडते, फुटते आणि महिनोन्‌महिने वाहत राहते.

"बीसीजीची सुई दिली होती, मग टीबी कसा?" असे आया विचारतात. बीसीजीने लहान बाळांना मेंदूच्या आणि सर्व अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून मोठे संरक्षण मिळते. गाठीचा टीबी होणारच नाही, अशी हमी त्यात नाही. म्हणून सुई द्यायचीच आणि डोळेही उघडे ठेवायचे.

तपासणीत गाठीतून बारीक सुईने थोडे पाणी किंवा पेशी काढतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि टीबीच्या जंतूसाठी सीबीनॅटसारखी चाचणीही करतात. छातीचा एक्स-रे काढतात. सुई लावली की गाठ पसरते, ही समजूत चुकीची आहे. सुईने निदान पक्के व्हायला मदत होते. सरकारी क्षयरोग केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

एका लेकीची गोष्ट

एका वस्तीतील चार वर्षांची मुलगी. मानेला गाठ आली. गल्लीतल्या दवाखान्यात एकामागून एक तीन औषधांच्या बाटल्या झाल्या. गाठ तशीच. कोणी गळ्यात दोरा बांधला. कोणी बिब्बा लावला, त्याने कातडी भाजली. गाठ मऊ पडली तेव्हा कोणीतरी "पू झालाय" म्हणून चिरा दिला. ती जखम भरेना. तिच्या आईला आम्ही भेटलो तेव्हा मुलीच्या फ्रॉकची कॉलर रोज ओली होत होती आणि शेजारची मुले तिच्याजवळ बसत नव्हती.

तपासणीत टीबी निघाला. आई रडली. आम्ही तिला एकच प्रश्न विचारला, "घरात कोण खोकतं?" ती गप्प झाली. मग पडद्यामागून आजोबांच्या खोकल्याचा आवाज आला.

आजोबा कित्येक महिने खोकत होते. सांगत नव्हते. कळले तर नात मांडीवर देणार नाहीत, सून ताट वेगळे करील, लोक नाव ठेवतील, ही भीती. ताट वेगळे करणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. त्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. त्यांनी औषधे घेतली, नातीने घेतली. धाकट्या भावाला तपासून, टीबी नाही याची खात्री करून, टीबी होऊ नये म्हणून औषध दिले. आज तिघेही बरे आहेत. मुलीच्या मानेवर व्रण मात्र राहिला. वेळेवर सुईची तपासणी झाली असती तर तोही राहिला नसता.

या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. केवळ मानेच्या गाठीचा टीबी असलेले लेकरू दुसऱ्याला टीबी देत नाही. त्याला तो बहुतेक वेळा फुप्फुसाचा टीबी असलेल्या मोठ्या माणसाकडून, हवेतून मिळालेला असतो. लेकराच्या मानेतील गाठ घरातल्या खोकणाऱ्या माणसाकडे बोट दाखवत असते. त्या माणसाला दोष द्यायचा नाही, त्याला हाताला धरून तपासणीला न्यायचे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, खिडकी उघडली तर समोर भिंत, हा काही त्याचा गुन्हा नाही.

काय करू नये

• चुना, बिब्बा, डाग, गरम लेप नको. दोरा-गंडा आणि अंगाऱ्याने गाठ जात नाही, आठवडे मात्र जातात.
• गाठ घरी फोडू नये, कोणाकडूनही चिरून घेऊ नये. पूची गाठ असेल तर ती रुग्णालयातच मोकळी करावी.
• तीच अँटिबायोटिकची बाटली पुन्हा पुन्हा आणू नये. एक कोर्स पूर्ण करूनही गाठ तशीच असेल तर तपासणी मागावी. काही अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडमुळे टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबते.
• आईला दोष देऊ नये. तिच्या पोटी, तिच्या दुधाने किंवा तिच्या नशिबाने गाठ येत नाही.

टीबी निघालाच तर

उपचार साधारण सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर महिन्याला वजन करावे. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात. लघवी केशरी होते, घाबरू नये. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा दिसायला अडचण आली तर त्याच दिवशी केंद्रात जावे.

औषध सुरू असताना गाठ कधी आधी थोडी मोठी होते. औषध लागू पडले नाही असे समजून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांत लेकरू हसू-खेळू लागते आणि घरचे म्हणतात, "झालं बरं." आमच्या अनुभवात औषध इथेच सुटते. सहा महिने म्हणजे सहा महिने.

अंडी, डाळ, शेंगदाणे, गूळ, सुकट, पालेभाजी, जे परवडेल ते भरपूर द्यावे. "उष्ण पडते" म्हणून अंडे बंद करू नये. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये मिळतात. 2018 साली योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून ती वाढली. हा आपला हक्क आहे. लेकराच्या नावे खाते नसेल तर पालकांच्या खात्याबद्दल केंद्रात विचारावे. टीबीबद्दल काहीही विचारायचे असेल तर 1800-11-6666 या क्रमांकावर फोन मोफत लागतो.

शाळा-अंगणवाडीत आरोग्य पथक येते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, गाठ आवर्जून दाखवा.

या महिन्यात एवढे करा

महिला मंडळाच्या बैठकीला येताना आपापल्या लेकरांची वजने लिहून आणा. उवांसाठी एक रविवार सगळ्या गल्लीने मिळून ठरवा. आणि आपल्या ओळीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त कोण खोकते आहे, ते आठवा. त्या दादाला, त्या आजीला आशाताईंबरोबर थुंकीच्या तपासणीला घेऊन जा. जाताना सोबत बसा, येताना सोबत चहा प्या. ताट वेगळे न करता आजार बरा होतो, हे वस्तीला असेच दिसेल.

जयभीम.