घरचे पिण्याचे पाणी : निवड व शुद्धीकरण
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठाची रूपरेषा)

उद्देश : स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांस पटवून देणे, व पाणी निवडणे, गाळणे, निर्जंतुक करणे आणि झाकून ठेवणे हा क्रम त्यांच्या अंगवळणी पाडणे.

साहित्य : काचेचे दोन पेले, गढूळ पाणी, तुरटी, मीठ, फडके, पळी, मेणबत्ती.

प्रस्तावना : कोऱ्हाळे बुद्रुक हे बारामती तालुक्यातील नीरा डाव्या कालव्याच्या टापूतले गाव. अशा बागाईत गावांतील मुलांस शिक्षकांनी विचारावे, “तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून आणतात? तेथूनच का?” “ते स्वच्छ दिसते” असे उत्तर बहुधा येईल. तेथूनच पाठास आरंभ करावा.

विवेचन :

१. निवड. एका पेल्यात मीठ विरघळवून ते पाणी फडक्याने गाळावे. नंतर त्यातील थोडे पळीत घेऊन मेणबत्तीवर आटवावे. तळाशी पांढरा थर उरतो. गाळल्याने वा उकळल्याने क्षार जात नाहीत, हे मुलांस डोळ्यांनी दिसेल. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणास फेस येत नाही ते जड पाणी होय. नत्रखतांचा झिरपून आलेला अंश तर दिसतही नाही. तो तान्ह्या मुलांस घातक असून पाणी आटविल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. म्हणून प्रथम जागा निवडावी आणि पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्यावा. उघडा कालवा, अथवा शौचकूप व उकिरडा यांनजीकची विहीर पिण्यासाठी वर्ज्य समजावी.

२. निवळणे व गाळणे. दुसऱ्या पेल्यातील गढूळ पाण्यात तुरटी दोनचार वेळा फिरवावी. गाळ खाली बसतो. निवळ दुहेरी फडक्याने गाळावी. फडक्याचे महत्त्व नारूच्या इतिहासावरून सांगावे. नारूचे जंतू वाहणारे सूक्ष्म जलकीटक फडक्यात अडकतात. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. त्या यशात गाळलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता.

३. निर्जंतुकीकरण. पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू फडक्यातूनही पार होतात. त्यांस मारण्यासाठी पाणी खळखळून उकळावे, अथवा आरोग्यसेवकांनी दिलेले क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मापाने घालून अर्धा तास थांबावे.

४. साठवण. शुद्ध केलेले पाणीही बुडविलेल्या हाताने दूषित होते. हंडा झाकलेला असावा व पाणी ओगराळ्यानेच घ्यावे.

गणिताशी समवाय : विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली २ मीटर असल्यास पाणी किती? ३.१४ × ३ × ३ × २ ÷ ४ = १४.१३ घनमीटर, म्हणजे १४,१३० लिटर. दर १,००० लिटरांस चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम विरंजक चूर्ण लागते. म्हणून येथे सुमारे ३५ ग्रॅम. प्रत्यक्ष औषध मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

गृहपाठ : आपल्या घरी वरील चारपैकी कोणत्या गोष्टी होतात, याची नोंद मुलांनी करावी.

शिक्षकांस सूचना : ही नोंद वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. पाणी वाहून आणणारी व जळण पुरविणारी घरची माउलीच असते. तिला उणेपणा येईल असे मुलाने बोलू नये. त्याने फक्त ओगराळे मागावे आणि हंड्यावर स्वतः झाकण ठेवावे. एवढे त्याच्या हातून नित्य घडले, तरी पाठाचे सार्थक झाले.