राखणदारावर लक्ष कोणाचे?



लहान मूल हट्टास पेटले, म्हणजे "थांब, पोलिसाला बोलावते," असे म्हणण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत आहे. आईचा हेतू निर्मळ असतो. परंतु पोलीस म्हणजे भिण्याची गोष्ट, असे बीज त्या वाक्याने मुलाच्या मनात पडते. तेच मूल मोठेपणी रस्त्यात चोरी अथवा अपघात पाहते, आणि 'नसती कटकट कशाला' म्हणून मान खाली घालून पुढे जाते. यास्तव नागरिक व पोलीस यांचे खरे नाते कोणते, याचा आज थोडा विचार करू.

समाजाने पोलिसास फार मोठा अधिकार दिला आहे. तो माणसास धरू शकतो, कोंडू शकतो, प्रसंगी बळही वापरू शकतो. जितका अधिकार मोठा, तितकी त्याची मर्यादाही स्पष्ट असली पाहिजे. ही मर्यादा आपल्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात घातलेली आहे. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे; वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे; आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. पुढे १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा कागद साक्षीदारासमक्ष करावा, नातलगांस कळवावे, आणि कोठडीतील माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्यांतील मुख्य होत. २०२० साली त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसविण्याची आज्ञा केली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, असा निकाल २००६ साली झाला होता. त्यास अनुसरून महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात तशी तरतूद केली.

हे नियम कागदावरच राहतात काय? आपल्या मराठवाड्यातील परभणीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून दंगा उसळला, आणि पोलिसांनी अनेकांस अटक केली. त्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. त्याच्या आईने आपल्या शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने या मृत्यूविषयी गुन्हा नोंदविण्याची आज्ञा केली, व त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दोष कोणाचा, हे पुराव्यावरून ठरावयाचे. परंतु एका सामान्य आईचा प्रश्न सत्तेस टाळता येत नाही, एवढे यावरून आपण शिकलो तरी पुष्कळ आहे. तथापि गेलेला मुलगा कोणत्याही आज्ञेने परत येत नाही, हेही विसरू नये. म्हणून नियम आधी पाळले जाणे, हेच खरे रक्षण.

असा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. यरुशलेमेत पौलास फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने हात उगारला नाही. चौकशीवाचून रोमी नागरिकास फटके मारणे कायद्यास धरून आहे काय, एवढेच त्याने शताधिपतीस विचारले. आणि मारणारे तत्काळ मागे सरले.

परंतु केवळ दोष शोधल्यानेही शांतता नांदत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव १९७० व १९८४ साली भीषण दंगलींत होरपळले होते. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. त्यांत हिंदू व मुसलमान शेजारी पोलिसांसह नियमाने एकत्र बसत, आणि लहानसहान तंटे वाढण्यापूर्वीच मिटवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलींनी ९०० माणसांचा बळी घेतला. परंतु जवळच असलेल्या भिवंडीने शांतता राखली. ओळखीतून विश्वास उपजला, आणि त्या विश्वासाने लाठीहून मोठे काम केले.

आपल्या शहरातही अनेक धर्मांचे लोक भिंतीला भिंत लावून राहतात. येथे १९९१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. तथापि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा करणे कोणासही शक्य नाही. तेथील डोळे व कान आपणच आहोत.

तर मग आपण काय करावे? संकट दिसताच ११२ क्रमांकावर कळवावे. चौकात खोटी बातमी कानी आली, तर ती पुढे पाठवू नये. पाहिले तेवढेच सांगावे, पदरचे घालू नये. तक्रार नोंदविल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळते, ती नम्रपणे पण न चुकता मागून घ्यावी. आणि पालकहो, आपणांसही एक विनंती. मुलास पोलिसाची भीती घालण्याऐवजी एकदा त्याचा हात धरून जवळचे पोलीस ठाणे दाखवावे. वाट चुकल्यास येथे मदत मागावयाची असते, हे त्यास सांगावे. आणि येथील माणसेही कायद्याने बांधलेली आहेत, हेही सांगावे.

राखणदारास साह्य करणे व त्याजवर लक्ष ठेवणे, ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत. जो पहिले टाळतो, त्यास दुसऱ्याचा अधिकार उरत नाही. आणि जो दुसरे टाळतो, त्याचे साह्य म्हणजे केवळ भीती होय.