घरातील धूर आणि बालकांचे आरोग्य

खोकला, धाप किंवा छातीतील घरघर यांसाठी बालकास दाखल करून घेताना आम्ही वजन व लसीकरणाच्या नोंदीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारतो : घरात विडी-सिगारेट कोण ओढते? पुष्कळदा उत्तर चाचरत येते, "आजोबा ओढतात, पण खिडकीपाशी बसून." या 'पण'विषयीच येथे चार शब्द लिहावेसे वाटतात.

विडीच्या जळत्या टोकाचा आणि ओढणाऱ्याने सोडलेला धूर इतरांच्या श्वासात जातो, यास परोक्ष धूम्रपान म्हणतात. या धुरात ७,००० हून अधिक रसायने असून सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ मनुष्य मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर नवजात अर्भक ३० ते ६० वेळा. त्याचे श्वसनमार्ग अरुंद असतात, फुप्फुसे वाढत असतात. आणि खोली सोडून जाणे त्याच्या हाती नसते. त्यामुळे न्यूमोनिया, मध्यकर्णाचा दाह व दम्याचे तीव्र झटके यांचा धोका वाढतो, फुप्फुसांची वाढ मंदावते. तान्ह्या बाळाच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूशीही या धुराचा संबंध सिद्ध झाला आहे.

खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने हा धोका टळत नाही. या धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालात नोंदलेला आहे. धुराचे अंश अंथरूण, पडदे व कपडे यांतही राहतात.

आपल्या देशात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले. परंतु घराच्या उंबरठ्याआत त्यांचा अंमल नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच परोक्ष धूम्रपान घडत असल्याचे आढळले. त्याच घरांत बालकेही श्वास घेत असतात.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एकच नियम करावा : छपराखाली धूर नको. पाहुण्यांनाही तो लागू असावा. ज्यांना व्यसन सुटत नाही त्यांनी घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर जावे. परतल्यावर हात-तोंड धुऊन, सदरा बदलून मगच बाळास घ्यावे. रिक्षा किंवा मोटारीत मूल असताना विडी-सिगारेट पेटवू नये.

सासऱ्यांना हे सांगणे सुनेला अवघड जाते, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून तिच्यावर हा भार न टाकता आजोबांनाच बाळाच्या खाटेजवळ बोलवावे आणि डॉक्टरांनी ते आदरपूर्वक सांगावे, असे आम्हांस वाटते. येथे दोषारोप करून काही साधत नाही. नातवाच्या श्वासासाठी आजोबांची मदत मागितली, तर ती बहुधा मिळते. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळते.

दात्यांच्या औदार्यामुळे वाफेची यंत्रे, प्राणवायू व औषधे उपलब्ध होतात. परंतु बरे झालेले बालक त्याच धुरात परतले, तर तो उपचार अपुराच राहतो. तो पूर्ण करणे घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्यास एक पैचाही खर्च नाही.