इओसिनोफिल, जंत आणि अंगणातले पिल्लू

"डॉक्टर, याला इस्नोफिलिया झालाय म्हणतात," असे सांगत पालक रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवतात. मूल दोन ते पाच वर्षांचे असते. महिनाभराचा खोकला, छातीत घरघर, अधूनमधून बारीक ताप आणि तपासताना हाताला लागणारे यकृत. इओसिनोफिल पेशी दर घन मिलिमीटरला 500 या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात. अशा वेळी आपण दम्याचा, फायलेरियाचा विचार करतो आणि तो योग्यच आहे. परंतु दोन प्रश्न बहुधा राहून जातात. घराजवळ कुत्र्याची पिल्ले आहेत काय? मूल माती खाते काय? खातेगावसारख्या ठिकाणी, जेथे शेत, अंगण आणि गल्ली यांत कुत्रे घरचेच समजले जाते, तेथे हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकारा कॅनिस नावाचा गोल कृमी राहतो. मोठ्या कुत्र्याने त्याची अंडी गिळली, तर बाहेर पडलेल्या अळ्या बहुतांशी आतड्यात परत न येता स्नायूंत व इतर ऊतींत निपचित पडून राहतात. कुत्र्याची प्रतिकारशक्ती त्यांना वाढू देत नाही, पण मारूनही टाकत नाही. हा एक प्रकारचा तह होय. कुत्री गाभण राहिली की हा तह मोडतो. सुमारे 42व्या दिवसापासून अळ्या जाग्या होतात, वारेतून पिल्लांच्या शरीरात शिरतात आणि पुढे दुधातूनही जातात. पिल्लांची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्यामुळे यकृत, फुप्फुस, श्वासनलिका असा प्रवास करून कृमी आतड्यात प्रौढ होतात. तीन-चार आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लू विष्ठेतून अंडी टाकू लागते. एक मादी कृमी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालू शकते.

ताज्या विष्ठेतील अंडी बाधक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर ती बाधक होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. म्हणून खरा धोका पिल्लाला कुरवाळण्यात फारसा नसून मातीत आणि न धुतलेल्या हातांत आहे.

मुलाच्या पोटात गेलेली अळी प्रौढ होत नाही. ती यकृत, फुप्फुस, क्वचित मेंदू वा डोळा येथे भटकत राहते. 1952 मध्ये बीव्हर व सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन केले. कृमी प्रौढच होत नसल्याने मुलाच्या शौचात त्याची अंडी कधीच सापडत नाहीत. शौचतपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये. निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची एलायझा चाचणी उपयोगी पडते.

इओसिनोफिल येथे काय करतात? जंताची चाहूल लागताच टी-सहायक पेशींचा दुसरा गट जागा होतो. त्याच्या इंटरल्यूकिन-4 या संदेशाने आयजीई प्रतिपिंडे वाढतात, तर इंटरल्यूकिन-5 मुळे अस्थिमज्जा इओसिनोफिल भराभर तयार करते. एवढी मोठी अळी गिळणे एका पेशीला शक्य नसते. त्या पेशी अळीला चिकटून आपल्या कणांतील दाहक प्रथिने तिच्यावर ओततात. अळी मात्र धूर्त असते. ती अंगावरचे आवरणच सोडून देते आणि पेशी व प्रतिपिंडे त्या आवरणाला धरून मागे राहतात. पकडलेला चोर सदरा पोलिसाच्या हाती ठेवून निसटावा, तसेच हे. अळी वाचते, ओतलेल्या प्रथिनांचा दाह मुलाच्या ऊतींना सोसावा लागतो. इओसिनोफिल हा रोग नव्हे, ती साक्ष आहे.

डोळ्याच्या बाबतीत ही साक्षही मिळेलच असे नाही. तेथे एखादीच अळी असते आणि रक्तातील इओसिनोफिल बहुधा वाढत नाहीत. मूल एका डोळ्याने तिरळे पाहू लागते किंवा बाहुली पांढरट दिसते. 1950 मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी काढून टाकलेले 46 डोळे तपासले, तेव्हा 24 डोळ्यांत कृमीची अळी आढळली. अनेकांत संशय दृष्टिपटलाच्या कर्करोगाचा होता. अशा मुलाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

उपचारात अल्बेंडाझोल पाच दिवस दिवसातून दोनदा देतात. 2015 पासून राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी मिळणारी एक गोळी आतड्यातील जंतांसाठी आहे. ऊतींत भटकणाऱ्या अळीसाठी ती पुरेशी नाही. तीव्र विकारात व डोळ्याच्या विकारात स्टिरॉइडचीही गरज भासते.

परंतु खरा उपाय अंगणातच आहे. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक द्यावे आणि त्यांच्या आईलाही सोबतच द्यावे. विष्ठा रोज उचलून पुरावी. मुलांनी खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत. माती खाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन तपासावे. महू येथे 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपण व पशुवैद्यक बंधू एकाच साखळीच्या दोन टोकांवर काम करीत आहोत, हे दोघांनीही ध्यानात घ्यावे.

दत्तगुरूंच्या चरणी चार श्वान पाहणारा आपला समाज आहे. दगड मारून कुत्रे हाकलणे हा उपाय नव्हे. पिल्लाला वेळेवर पाजलेले औषध हे आपल्याच लेकराच्या डोळ्याचे रक्षण आहे.